लिंकनशायरच्या साहेबांनो, तुमची सरासरी आमच्या काउंटरवर कधी आलीच नाही

प्रति,
लिंकनशायर काउंटी कौन्सिल, एनएचएस म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं बोर्ड आणि नवीन मेयर ऑफिस इथे बसून आमच्या तब्येतीचा हिशेब ठेवणाऱ्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

स. न. वि. वि.

इंग्लिशमधे एक छोटं पत्र तुम्हाला वेगळं पाठवतेय, त्यात सगळं प्लीज आणि काइंडली लावून नीट लिहिलंय. हे मराठीत आहे कारण इंग्लिश लिहायला बसलं की मी आपोआप नको तितकी गोड होते आणि मग जे बोलायचं ते पोटातच राहतं. दुसरं म्हणजे लिंकन, बोस्टन, ग्रँथम या बाजूला नर्स, केअरर, फॅक्टरी, हॉस्पिटल अशा नोकऱ्यांना आलेली आपली मराठी माणसं आता बऱ्यापैकी आहेत, आणि त्यांना पण कळूदे की आपण राहतो ती काउंटी नक्की आहे काय. माझ्या सासूबाई अजून लोकांना सांगतात सून लंडनला असते म्हणून. लंडन इथून ट्रेन बदलून बदलून जावं लागतं हो, आणि ते सुद्धा नशीब चांगलं असेल तर.

मी मूळची कराडची, बी फार्म झालेली. लग्नानंतर २०१९ ला बोस्टनला आले, नवरा भाज्या पॅक करणाऱ्या एका फॅक्टरीत क्वालिटीला आहे. इथे फार्मासिस्ट म्हणून उभं राहायचं तर आधी परदेशी फार्मासिस्टांसाठीचा एक वर्षाचा ओएसपॅप नावाचा कोर्स, मग वर्षभर ट्रेनिंग, मग परीक्षा, आणि मधल्या काळात दोन पोरं झाली, त्यामुळे ते अजून "पुढच्या वर्षी" मधेच आहे. सध्या डिस्पेन्सर आहे, किनाऱ्यावरच्या एका गावात, दुकानाचं नाव सांगत नाही आणि गावाचंही नाही. चिठ्ठ्या घेते, गोळ्या मोजते, म्हाताऱ्या लोकांचे आठवड्याचे ट्रे भरते, पिशवीवर लेबल लावते, आणि ऐकते. ऐकायचे पैसे कुणी देत नाही पण निम्मं काम तेच आहे.

रोज बोस्टनहून गाडीने ए ५२ ने जाते. दोन्ही बाजूला कोबी, स्प्राउट्स, बटाटे, परत कोबी, जमीन ताटासारखी सपाट, आणि पुढे एक ट्रॅक्टर, उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या पुढे एक कॅरवान. ही जमीन बरीचशी दलदल उपसून काढलेली, समुद्राच्या पातळीच्या इतकी जवळ की आमच्याकडे येणाऱ्या एक आजीबाई अजून हवामानाच्या बातम्या कान लावून ऐकतात. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसं गेली, मेबलथॉर्प, सटन-ऑन-सी सगळं पाण्यात होतं. आजी तेव्हा आठ वर्षांच्या. आज पण एकमजली बंगल्यातच राहतात, कारण गुडघे जिना चढू देत नाहीत.

आता मुद्द्यावर येते. तुमचे जे आरोग्याचे रिपोर्ट निघतात ना, ते मी वाचते. खरंच वाचते, पोरं झोपल्यावर. आणि दर वेळी मला वाटतं की हा रिपोर्ट दुसऱ्याच कुठल्या काउंटीचा आहे. कारण त्यात "लिंकनशायर" म्हणून एकच माणूस असतो, थोडा म्हातारा, थोडा जाड, थोडा सिगरेट ओढणारा, इंग्लंडच्या सरासरीच्या जरासा इकडे किंवा तिकडे, काळजी करण्यासारखं आहे पण फार नाही. हा माणूस मला एकदा दाखवा. आमच्याकडे सकाळी ८० वर्षांच्या आजी येतात अकरा औषधांची चिठ्ठी घेऊन, त्यांच्या मागे रात्रपाळी करून आलेला २४ वर्षांचा रोमेनियन पोरगा असतो, बोट कापलेलं, पट्टी मागतो. दोघांची सरासरी ५२. आता ५२ वर्षांसाठी तुम्ही चालायचे ग्रुप आणि ब्लडप्रेशरचे कँप काढता, चांगलेच आहेत ते, पण त्या दोघांपैकी कुणाचाच त्यात नंबर लागत नाही.

आकडे तुमचेच घेते. २०२१ च्या जनगणनेत काउंटी कौन्सिलच्या हद्दीत ७,६८,४०० लोक, २०११ ला ७,१३,७०० होते. क्षेत्रफळ सुमारे ५,९०० चौरस किलोमीटर. मराठी वाचकांसाठी सांगते, गोव्याच्या दीडपटीहून जास्त जागा आणि माणसं गोव्याच्या जेमतेम निम्मी. म्हणजे दोन घरांच्या मधे वारा भरपूर. त्यात सात जिल्हे. ईस्ट लिंडसी, म्हणजे स्केगनेस, मेबलथॉर्प, लाउथचा भाग, तिथे १,४२,३०० लोक आणि दर दहातले तीन पासष्टीच्या पुढचे. त्याला लागून बोस्टन, ७०,५०० लोक, दहा वर्षांत नऊ टक्क्यांनी वाढलेलं, आणि ती वाढ बरीचशी लिथुआनिया, पोलंड, रोमेनिया, बल्गेरियातून शेतात आणि पॅकहाउसमधे कामाला आलेल्या तरुण लोकांमुळे. आणि तिकडे पश्चिमेला स्टॅमफर्डसारखी गावं, दगडी घरं, लोक सायकली मारतात, ट्रेनने कामाला जातात, तब्येती बऱ्या. या तिघांना एका पातेल्यात घालून ढवळलं की जे निघतं त्याला तुम्ही काउंटी प्रोफाइल म्हणता.

हे मी एकटी म्हणत नाही. इंग्लंडचे चीफ मेडिकल ऑफिसर प्रोफेसर क्रिस व्हिटी यांनी २०२१ चा आपला वार्षिक रिपोर्ट पूर्ण किनाऱ्यावरच्या गावांवर काढला होता, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की समुद्राकाठच्या लोकांमधे आजार जास्त, आयुष्य कमी, आणि आकडे मोठ्या भागाचे एकत्र काढल्यामुळे ते झाकून जातं, कारण गरीब किनाऱ्याच्या मागेच सुखवस्तू गावं असतात. अजून एक त्यात होतं की किनाऱ्यावर माणशी कन्सल्टंट डॉक्टर देशापेक्षा १५ टक्के कमी आणि नर्स ७.४ टक्के कमी. म्हणजे पेशंट म्हातारे आणि जास्त, आणि बघणारे कमी. हे वाचून मी नवऱ्याला म्हटलं बघ, एवढ्या मोठ्या माणसाने लिहिलंय म्हणजे आता काहीतरी होईल. नवरा क्वालिटीला असल्यामुळे तो म्हणाला रिपोर्ट म्हणजे ॲक्शन नसते. बरोबर निघाला, हे त्याला सांगितलेलं नाही.

आता कॅरवान. हा विषय मला सगळ्यात जास्त बोलायचा आहे, कारण बाहेरच्यांना वाटतं कॅरवान म्हणजे सुट्टी. बिली बटलिनने १९३६ ला स्केगनेसला पहिला हॉलिडे कँप काढला तेव्हापासून नॉटिंगहॅम, लेस्टर, डर्बी, शेफील्डचा कामगार माणूस इथे सुट्टीला यायचा, आणि पन्नास वर्षं येऊन येऊन म्हातारपणी इथेच राहायला येतो. तिकडचं घर विकतो किंवा मुलाला देतो किंवा भाड्याचं असेल तर सोडतो, आणि इथे एक स्टॅटिक कॅरवान घेतो, म्हणजे एका जागी कायम उभं केलेलं. किनाऱ्यावर अशी हजारो आहेत, ओळीने, पांढरी आणि पिस्ता रंगाची. कागदावर ते सुट्टीचं घर असतं, त्यामुळे बऱ्याच साइटवर वर्षातले काही आठवडे हिवाळ्यात बंद ठेवायची अट असते, तेवढे दिवस लोक मुलीच्या घरी सोफ्यावर किंवा स्वस्तातलं तिकीट काढून स्पेनला. बाकी सगळं वर्ष इथेच. पातळ भिंती, गॅसचे सिलिंडर, खिडकीच्या कडेला काळी बुरशी, आणि नवरा-बायकोपैकी एकाला सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट आजार. दोघंही धडधाकट असताना घेतलेलं असतं हो ते. दहा वर्षांनी एक जण जातो आणि दुसरा राहतो, आणि त्या दुसऱ्याला गाडी चालवता येत नसते.

यांची गंमत काय, तर यातले बरेच जण जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, बदलतच नाहीत. नॉटिंगहॅमचा तीस वर्षांचा डॉक्टर सोडवत नाही, शिवाय पत्ता कुठला द्यायचा हा प्रश्न. हल्ली चिठ्ठी कॉम्प्युटरवरून कुठल्याही केमिस्टकडे पाठवता येते, त्यामुळे तिकडचा डॉक्टर बटण दाबतो आणि गोळ्या माझ्याकडे उतरतात. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण बीपी कोण बघणार, रक्त कोण काढणार, वर्षातून एकदा डायबेटिससाठी पायांची तपासणी कोण करणार? नॉटिंगहॅम इथून ऐंशीएक मैल आहे. इथल्या जीपीकडे तात्पुरतं नाव घालता येतं, ते जास्तीत जास्त तीन महिने, आणि जुनी फाइल तिकडेच राहते. आणि मुख्य म्हणजे, साहेब, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, जीपीचे पैसे आणि तुमच्या बोर्डाचं बजेट हे नोंदणी असलेल्या डोक्यांवर येतं. म्हणजे माणूस खोकतो मेबलथॉर्पला आणि त्याच्या खोकल्याचे पैसे जातात नॉटिंगहॅमला. ॲम्ब्युलन्स मात्र इथलीच लागते.

आणि जनगणना कधी झाली? २१ मार्च २०२१. कोविडच्या लॉकडाउनमधे. सुट्टीची पार्कं उघडली १२ एप्रिलला. म्हणजे ज्या किनाऱ्याची लोकसंख्या ऋतूप्रमाणे फुगते आणि बसते, तो किनारा तुम्ही मोजला तो त्याचं दार बंद असताना, आणि पुढची दहा वर्षं त्या आकड्याला शंभराने गुणत आणि भागत बसायचं. आमच्या भारताने तर २०११ नंतर अजून मोजून संपवलेलंच नाही त्यामुळे मी फार आवाज करू नये, पण निदान आमच्याकडे वाडीतल्या अंगणवाडी ताईला पाठ असतं कुणाच्या घरात किती माणसं आणि कोण आजारी आहे.

दातांचं बोलू का? बोलतेच. माझ्या काउंटरवर सर्दीच्या औषधाइतकंच काय खपत असेल तर लवंगेचं तेल आणि घरच्या घरी दात भरायचं टेंपररी किट. लवंग म्हणजे आमच्या आजीचा इलाज, ती इथे इंग्लंडमधे २१ व्या शतकात मी रोज विकते याची मला गंमत वाटायची, आता वाटत नाही. एका गृहस्थांनी पकडीने स्वतःचा दात काढला आणि मग आमच्याकडे विचारायला आले की आत काही राहिलंय का. मी डिस्पेन्सर, मी काय तोंडात बॅटरी मारून बघू. एनएचएसचा डेंटिस्ट २०२५ च्या दराने फिलिंगला ७५.३० पौंड घेतो, ते लोक द्यायला तयार आहेत हो, पण नवीन पेशंट घेणारा डेंटिस्ट सापडला पाहिजे ना. २००६ पासून जे कंत्राट चालू आहे त्यात डेंटिस्टला पॉइंटवर पैसे, एक दात भरला काय आणि दोन भरले काय पॉइंट तेवढेच, मग ज्याच्या तोंडात सहा दात किडलेत त्या गरीब माणसाला कोण हौसेने खुर्चीत बसवेल. कंत्राट लंडनचं आहे, तुमच्या हातात नाही हे मान्य. पण २०२३ पासून डेंटिस्टची कामं वाटायची जबाबदारी एनएचएसच्या स्थानिक बोर्डांकडे आली आहे, म्हणजे कुठे काम द्यायचं ते तुम्ही ठरवू शकता. मग किनारा शेवटी का?

२०२४ च्या जानेवारीत फार्मसी फर्स्ट चालू झालं, सात आजारांसाठी डॉक्टरकडे न जाता आमच्याकडून औषध मिळतं, घसा, कान, सायनस, कीटक चावून चिघळलेलं, बायकांचं युरिन इन्फेक्शन वगैरे. चांगली योजना, मनापासून. फक्त लोक येतात आणि विचारतात यात दात आहे का.

आणि अंतर. स्केगनेसहून बोस्टनचं हॉस्पिटल बावीस मैल, लिंकनचं चाळीस. तुमच्या काउंटीत मोटरवे नाही, हे मी वाईट म्हणून सांगत नाहीये, शांतता आहे, पण ऑगस्टमधल्या शनिवारी ए १५८ वर छातीत दुखणारा माणूस घेऊन लिंकनकडे निघालात तर कळेल. लाउथ आणि मेबलथॉर्पची पॅसेंजर ट्रेन १९७० ला बंद केली ती केली. फोन करून बोलवायची कॉलकनेक्टची बस आहे, ती खरंच चांगली कल्पना आहे, आमच्या काही आजी त्यातूनच येतात, पण ती आधी बुक करावी लागते आणि हॉस्पिटलची तारीख बसचं वेळापत्रक बघून येत नाही. सकाळी साडेनऊची अपॉइंटमेंट चाळीस मैलांवर, आणि तीन महिने थांबून मिळालेली, माणूस जात नाही, मग कागदावर "पेशंट आला नाही" असं लागतं. आला नाही! कसा येईल हो तो. ॲम्ब्युलन्सला हृदयाच्या आणि लकव्याच्या केसला सरासरी १८ मिनिटांचं टार्गेट आहे, परत तीच सरासरी, लिंकनच्या गल्लीतली सहा मिनिटं आणि स्केगनेसजवळच्या इंगोल्डमेल्सच्या कॅरवानमधला तास एकत्र करून. इथे माणसं वाचतात ती बऱ्याचदा लाइव्हजच्या लोकांमुळे, १९७० पासून चालू असलेली संस्था, शेजारचा प्लंबर किंवा शिक्षक स्वतःच्या गाडीत किट घेऊन धावत येतो. आणि एअर ॲम्ब्युलन्स, ती पण लोकांच्या देणगीवर. आमच्या काउंटरवर डबा आहे, पेन्शनवाले लोक त्यात सुट्टे टाकून जातात. स्वतःच्याच हेलिकॉप्टरची वर्गणी म्हणायची.

बोस्टनबद्दल थोडंच लिहिते कारण तिथे मी राहते आणि राहतो तिथलं नीट दिसत नाही. पण गल्लीत एकेका घरात सात-आठ पोरं, शिफ्टप्रमाणे बिछाना वापरतात, खिडकीत टॉवेल. कंबर, मनगट, थंडीत कोबी कापून बधिर झालेली बोटं. २०१६ ला देशात सगळ्यात जास्त ब्रेक्झिटला मत दिलेलं गाव हे, ७५.६ टक्के, त्यामुळे या पोरांना डॉक्टरकडे नाव नोंदवायला पण दबकत जावंसं वाटतं, हे मला कुणी सांगितलेलं नाही, मलाही पहिलं वर्ष तसंच व्हायचं. ६० च्या आतल्या माणसाला एका औषधाचे ९.९० पौंड. चिठ्ठीवर तीन औषधं असली की पोरगा हळूच विचारतो, यातलं जास्त गरजेचं कुठलं? वर्षाचा पास ११४.५० ला मिळतो, हप्त्याने पण भरता येतो, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. मी सांगते. मोडक्या इंग्लिशमधे त्याच्या, मोडक्या इंग्लिशमधे माझ्या.

माणसं कुठून आणायची म्हणाल तर लिंकनला २०१९ ला मेडिकल स्कूल चालू झालं, तिथून डॉक्टर बाहेर पडायला लागलेत, त्यातले काही पूर्वेकडे पाठवा, राहायला घर द्या, नुसती ट्रेनिंगची चार महिन्यांची पाळी नको. केअरर परदेशातून आणायचं २२ जुलै २०२५ पासून बंद झालंय, आधी मार्च २०२४ ला त्यांचं कुटुंब आणणं बंद केलं होतं. ते दिल्लीत नाही, लंडनमधे ठरलं, मान्य. पण आपल्या ज्या पोरी केरळ-महाराष्ट्रातून येऊन या बंगल्यांमधे सकाळी सहाला म्हाताऱ्यांना उठवून आंघोळ घालतायत त्या थकल्यात, आणि पुढची बॅच येणार नाहीये.

आता कौन्सिलं मोडून नवीन मोठी कौन्सिलं करायचं घाटतंय, कुठला जिल्हा कुणाला जोडायचा याचे नकाशे निघतायत. जोडा कुणालाही. मला फक्त भीती एवढीच की किनारा अजून मोठ्या पातेल्यात जाईल आणि अजून दिसेनासा होईल. म्हणून मागणं सरळ आहे. सार्वजनिक आरोग्याचं काम २०१३ पासून कौन्सिलकडे आहे, तर किनाऱ्याचा रिपोर्ट वेगळा काढा, गावागावाचा, जिल्ह्याचा नाही. कॅरवानमधे राहणारी माणसं साइटवर जाऊन मोजा, एकदा जुलैत आणि एकदा नोव्हेंबरात, साइटच्या मालकांना विचारा, आम्हा केमिस्टना विचारा, आमच्याकडे कुठल्या गावच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या किती येतात हे कॉम्प्युटरवर पडलेलंच आहे, नाव न घेता नुसता आकडा काढता येतो. तो आकडा घेऊन नॉटिंगहॅम-लेस्टरच्या बोर्डांशी पैशाचं बोला. आणि जो पेशंट "आला नाही" लागतो त्याच्यापुढे तो किती मैलांवर राहतो हा एक रकाना वाढवा, बस. तेवढा एक रकाना वाढवायला कायदा लागत नाही.

स्केगनेसचं १९०८ चं जुनं पोस्टर तुम्ही सगळ्यांनी बघितलंच असेल, तो जाडा कोळी हात पसरून वाळूत उड्या मारतोय आणि खाली लिहिलंय की इथली हवा कशी तरतरी आणते. रेल्वेने काढलेलं, हवा विकायला. त्या हवेच्या भरवशावर तीन पिढ्या इथे आल्या. हवा अजून आहे, खोटं नाही बोलणार, सकाळी दुकान उघडताना डोक्यावरची टोपी उडते.

एकदा याच. नोव्हेंबरातल्या मंगळवारी, गाडी न आणता, लिंकनहून बसने. काउंटरच्या बाजूला एक खुर्ची आहे, बीपी बघायची, ती तुम्हाला देईन दिवसभर. चहा मी करून आणेन घरून, आल्याचा. फक्त दाताचं काही दुखणं असेल तर ते येण्याआधी तिकडेच दाखवून घ्या.

आपली,
काउंटरमागची एक, बोस्टन, लिंकनशायर